सावळ्या अंगावरची पांढुरकी कोरड : आपले अनुभव लिहा

तिसरी-चौथीत असताना थंडीच्या दिवसांत आमच्या वर्गात एक खेळ चालत असे. बाही वर सरकवायची, नखाने हातावर आपले नाव कोरायचे आणि पांढऱ्या अक्षरांत उमटलेले ते नाव शेजारच्याला दाखवायचे. ज्याचा हात जास्त सावळा, त्याची अक्षरे जास्त ठसठशीत. त्यामुळे या एका खेळात माझा नंबर कायम पहिला असे. प्रार्थनेनंतर मात्र स्वच्छतेची तपासणी होई आणि माझ्या भुरकट पोटऱ्या पाहून, आंघोळ केली नाहीस का, असे विचारून मला नळावर पाठवले जाई. मी पाय खसाखसा धुऊन येत असे. ओले असेपर्यंत ते काळेभोर चमकत आणि दुसरा तास संपेपर्यंत आधीपेक्षाही पांढरे पडत. मळ असता तर धुतल्यावर गेला असता, हे साधे गणित तेव्हा ना बाईंना सुचले ना मला.

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील मृत पेशींमधले पाणी कमी झाले की त्या कडांनी सुटू लागतात, त्यांच्या फटींत हवा शिरते आणि वर पडलेला प्रकाश वेडावाकडा विखुरतो. असे सुटे पापुद्रे गोऱ्या माणसाच्या अंगावरही असतात. पण चुन्याच्या भिंतीवर खडूची रेघ दिसत नाही आणि फळ्यावर दिसते, तसे हे आहे. पाणी किंवा तेल लागले की फटी भरतात आणि मूळ रंग पुन्हा दिसतो. फरक एवढाच की पाणी काही मिनिटांत उडून जाते आणि जाताना आणखी थोडी ओल घेऊन जाते.

या विषयावर बोलायला बसले की दोन वाक्यांत गाडी 'रंग उजळण्या'वर घसरते, असा माझा अनुभव आहे. येथे ते नको. आपल्या अंगाचा रंग आहे तसाच राहून त्यावरची राख कशी गेली, किंवा काय करूनही गेली नाही, ते लिहावे. गावचे हवामान, पाणी कोणते आणि फरक पडायला किती दिवस लागले, हेही लिहिल्यास इतरांना उपयोग होईल. फसलेले प्रयोग तर अवश्य लिहावेत.

नागपूर, बँकेत नोकरी

फसलेल्या प्रयोगापासूनच सुरुवात करतो. आमच्याकडे कोरड दोन वेळा येते. एकदा डिसेंबर-जानेवारीत आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये, जेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दोरीवर टाकलेला टॉवेल अर्ध्या तासात पापडासारखा होतो. अशाच एका मे महिन्यात मी औषधांच्या दुकानातून ग्लिसरिनची बाटली आणली आणि रोज सकाळी तसेच्या तसे, पाणी न घालता, हातांना चोळू लागलो. दिवसभर हात चिकट राहत आणि तरीही संध्याकाळी कोपराखालची कातडी ताणल्यासारखी वाटे. आठवडाभराने दुकानदारानेच समजावले की ग्लिसरिन पाणी ओढून घेते. हवेत ओल असेल तर हवेतून, आणि नसेल तर आपल्याच कातडीच्या आतल्या थरांतून. ते पाण्यात किंवा गुलाबपाण्यात मिसळावे, ओल्या अंगावर लावावे आणि वरून तेलाचा किंवा व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा, म्हणजे ओढलेले पाणी आतच राहते.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आंघोळीचे पाणी कोमट आणि आंघोळ पाच-सात मिनिटांत आटोपती. अंग घासून न पुसता टॉवेलने फक्त टिपायचे आणि न्हाणीघरातून बाहेर पडायच्या आधीच लावायचे ते लावून मोकळे व्हायचे. आधी मी कपडे घालून, चहा पिऊन, मग सवडीने मॉइश्चरायझर लावत असे आणि ते कुचकामी आहे म्हणून दर महिन्याला नवी बाटली आणत असे. बाटलीत दोष नव्हता, चहात होता. साधारण दहा दिवसांत पोटऱ्यांवरचे खवले दिसेनासे झाले.

लातूर, गृहिणी

आमचे दुखणे पाण्याचे आहे. नळाला पाणी येते तेव्हा येते. बाकी सगळे बोअरवर चालते. बादलीला आतून पांढरे कवच धरते, साबणाला फेस येत नाही, म्हणून माणूस आणखी साबण लावतो. अशा जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन जो साका तयार होतो, तो बादलीच्या काठावर बसतो तसाच अंगावरही बसतो. माझ्या दोन्ही मुली सावळ्या आहेत आणि आंघोळ करून आल्या की पीठ चाळून आल्यासारख्या दिसत.

मी साबणाची वेष्टने वाचायला लागले. त्यावर 'टीएफएम' असे लिहून पुढे टक्केवारी दिलेली असते. साबणात खरे साबणाचे द्रव्य किती, ते त्यावरून कळते. आपल्याकडच्या मानकांप्रमाणे पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात हे प्रमाण किमान ७६ टक्के असावे लागते. 'बेदिंग बार' म्हणून जे विकले जाते, त्याला मात्र ४० टक्केही चालतात. पण चांगल्या प्रतीचा साबण आणूनही आमचा प्रश्न अर्धाच सुटला, कारण साबण कोणताही असला तरी तो अल्कधर्मी असतो आणि त्वचेचा वरचा थर किंचित आम्ल असतो. डॉक्टरांनी सिंडेट प्रकारची, म्हणजे साबणाऐवजी कृत्रिम स्वच्छक द्रव्याची, वडी सुचवली. तिचा साका होत नाही आणि ती त्वचेला इतकी कोरडी करत नाही. तिची किंमत पाहून मी चौघांसाठी दुसरा मार्ग काढला. वडी फक्त काखा, जांघा आणि पावले यांच्यापुरती. हातापायांना आणि पाठीला, घाम-धूळ फार नसेल त्या दिवशी, नुसते पाणी. शेवटचा तांब्या साठवलेल्या नळाच्या पाण्याचा. सासूबाईंना हे पहिले आठ दिवस अजिबात पटले नाही. नंतर त्यांचीच पाठ खाजायची थांबली.

सिंधुदुर्ग, शेती आणि काजूचा व्यवसाय

कोकणात हवा दमट, त्यामुळे अंग फारसे फुटत नाही. टाचा मात्र फुटतात. आमच्याकडे त्यावर कोकमाच्या बियांचे तेल, म्हणजे भिरंडेल, वापरतात. ते तेल म्हणायचे एवढेच, एरवी मेणासारखा घट्ट गोळा असतो. रात्री पाय धुऊन, पळीत थोडे वितळवून, सोसवेल इतके कोमट झाल्यावर भेगेत भरायचे आणि जुने मोजे घालून झोपायचे. चार-पाच रात्रींत दुखणे थांबते, भेग बुजायला दोन-तीन आठवडे लागतात.

एक सांगणे आवश्यक वाटते. माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि त्यांच्या पावलांची संवेदना कमी झालेली आहे. त्यांनी नेहमीप्रमाणे वजरीने टाच घासली, रक्त आले ते त्यांना कळलेच नाही आणि ती जखम भरायला अडीच महिने लागले. मधुमेह असणाऱ्यांनी वजरी, ब्लेड आणि गरम तेल, तिन्ही टाळावे.

सातारा जिल्हा, अंगणवाडी सेविका आणि एका मुलाची आई

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याच्या गालांवर रुपयाएवढे फिकट, किंचित खरखरीत डाग आले. पाहणाऱ्या प्रत्येकाने निदान केले. कोणी म्हणाले कॅल्शियम कमी आहे, कोणी म्हणाले पोटात जंत आहेत, आणि एका शेजाऱ्यांनी तर कोड असावे म्हणून लग्नापर्यंतची काळजी करून टाकली. जंतांच्या गोळीने डागांना काहीही झाले नाही. अंगणवाडीत मी स्वतःच पालकांना 'आधी दवाखान्यात दाखवा' असे सांगत असते, तरी स्वतःच्या मुलाच्या वेळी मला दोन महिने लागले, हे लिहायला संकोच वाटतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावले, कापसाचा बोळा कधी डागावर तर कधी हनुवटीवर अलगद टेकवला आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगितले. दर वेळी त्याचे बोट अचूक जागी गेले. फिकट डाग बधिर असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करावी लागते, म्हणून हे आधी पाहतात; त्या आजारावरचे औषध सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते आणि वेळेवर घेतल्यास तो पूर्ण बरा होतो. आमच्या मुलाचे डाग म्हणजे पिटिरायसिस अल्बा नावाचा, कोरड्या त्वचेच्या मुलांत आढळणारा सौम्य प्रकार निघाला. सावळ्या मुलांत आणि उन्हाळ्यात तो उठून दिसतो, कारण भोवतालची त्वचा रापते आणि डाग तसाच राहतो. दिवसातून दोनदा साधे मॉइश्चरायझर, उन्हात टोपी आणि तोंडाला साबण बंद, एवढाच उपाय होता. खरखर पंधरा दिवसांत गेली. रंग जुळायला मात्र सहा महिने लागले.

मुंबई, त्वचारोग विभागात डॉक्टर

वरचे अनुभव वाचून तीन-चार गोष्टी जोडाव्याशा वाटतात. इसब म्हटले की लालसर चट्टा असे वर्णन सगळीकडे केलेले असते, पण गडद त्वचेवर तो लाल दिसतोच असे नाही. जांभळट, करडा किंवा नुसता जास्त काळा दिसतो. त्यामुळे 'थोडी कोरड आहे' म्हणून रुग्ण वर्षभर थांबतात. खाजवून झोप मोडत असेल, त्वचा जाड होत असेल किंवा पाणी सुटत असेल तर ती नुसती कोरड नव्हे.

दुसरे घासण्याविषयी. पाठ आणि दंड नायलॉनच्या घासणीने वर्षानुवर्षे रगडणाऱ्यांच्या अंगावर लाटांसारखे काळपट पट्टे उमटतात. रुग्णाला तो मळ वाटतो, म्हणून तो आणखी घासतो आणि पट्टे आणखी गडद होतात. मानेवरच्या मखमली काळेपणाचेही तेच. तिथे घासणी टाकून रक्तातली साखर आणि वजन तपासावे. पोटऱ्यांवर लहानपणापासून माशासारखे खवले असतील आणि घरात आणखी कोणाला असतील, तर तो बहुधा आनुवंशिक प्रकार असतो. तेथे १० टक्के युरियाचे मलम चांगले काम करते, फक्त उललेल्या जागी ते चुरचुरते. लॅक्टिक ॲसिडच्या लोशननेही खवले सुटतात, पण ते लावलेला भाग उन्हापासून जपावा लागतो. चाळिशीनंतर अचानक सगळेच अंग कोरडे पडले, सोबत थकवा आणि बद्धकोष्ठता असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.

आणि कळकळीची विनंती अशी, की शेजारणीने दिलेली, नाव नसलेल्या डबीतली किंवा 'तीन औषधे एकत्र' असलेली क्रीम चेहऱ्यावर लावू नये. त्यांत अनेकदा स्टेरॉइड असते. पहिले काही आठवडे चेहरा तुकतुकीत होतो, नंतर कातडी पातळ पडते, पुरळ येतात आणि लव वाढते. मग क्रीम सोडली की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो.

मिनेसोटा, अमेरिका, संगणक अभियंता

आम्ही मूळचे सोलापूरचे, म्हणजे उन्हाळ्याची सवय असलेले. येथे बाहेर उणे वीस असते आणि घरात चोवीस तास हीटर. बाहेरच्या गोठलेल्या हवेत बाष्प फारच थोडे असते; तीच हवा आत येऊन तापली की ती भिंतीतून, लाकडातून आणि माणसांतून पाणी शोषून घेते. पहिल्याच जानेवारीत माझ्या बोटांची पेरे उलून रक्त आले. ऑफिसमधली एक कृष्णवर्णीय सहकारी माझे हात पाहून हसली आणि म्हणाली, 'यू आर ॲशी.' म्हणजे अंगावर राख पडल्यासारखे दिसते आहे. मला आधी अपमान वाटला. तिने खणातून शिया बटरची डबी काढून पुढे केली, तेव्हा कळले की तिच्या घरात हा रोजचाच शब्द आहे आणि मुलांना शाळेत पाठवण्याआधी कोपरे, गुडघे आणि घोटे तपासून तिथे बोट फिरवल्याशिवाय तिची आई कोणाला दाराबाहेर सोडत नसे. आमच्या आईने खोबरेल लावताना नेमक्या याच तीन जागा धरलेल्या होत्या! शिया हे पश्चिम आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांचे तूप; तळहातावर चोळले की वितळते. मी ते हातांना, रात्री व्हॅसलिन पावलांना आणि झोपायच्या खोलीत हवा दमट ठेवणारे यंत्र, असे तिन्ही करतो. यातले एक जरी सुटले, तरी चार दिवसांत पेरांवर राख दिसते.

पुणे, निवृत्त, वय ६८

मी दिवाळीच्या आंघोळीपुरतेच लिहिते. आमच्याकडे आधी तिळाचे तेल चोळायचे आणि मग उटणे लावायचे, हा क्रम. वास सुंदर, सोहळा सुंदर, पण उटण्यातली माती आणि डाळीचे पीठ लावलेले तेल ओढून घेते, आणि त्यावर घरातल्यांनी साबणही लावला की दुपारपर्यंत माझे पाय पुन्हा पांढरे. गेली काही वर्षे मी तेल-उटणे रीतीपुरते लावते, साबणाला हात लावत नाही आणि शेवटचा तांब्या ओतल्यावर ओल्या अंगाला चमचाभर खोबरेल पुन्हा लावते. थंडीत पुण्यात खोबरेल थिजते, म्हणून बाटली आंघोळीच्या कढत पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवते. माझे न्हाणे होईपर्यंत ते पातळ झालेले असते. फरशीवर थेंब सांडला तर मात्र आधी तो पुसून मगच बाहेर पाऊल टाकते. गेल्या वर्षी मी घसरले होते.