प्रॉप्स म्हणजे भेसळ नव्हे
कोणीतरी म्हटलंय की पारंपरिक योग हा लवचिक, तरुण लोकांसाठीच, खुर्ची-दोरी अशी आधाराची साधनं म्हणजे प्रॉप्स घेऊन करतात ती भेसळ आहे. अजिबात पटलं नाही. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार स्वतः लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय अशा दुखण्यांनी पार खंगलेले होते, १९३७ ला पुण्यात शिकवायला आले आणि पुढे पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, भिंतीतले दोर हे सगळं त्यांनी वापरात आणलं ते आसन सोपं करायला नाही तर ज्याचं शरीर साथ देत नाही त्यालाही त्या आसनात थांबता यावं म्हणून. १९७५ ला सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेत मेडिकल क्लास असतो, तिथे दुखणाईतांना आसनात बसवायला-झोपवायला जुने विद्यार्थी मदतीला उभे असतात. माझी आत्या गुडघ्यांमुळे जमिनीवर बसू शकत नाही, ती आमच्या गल्लीतल्या वर्गात खुर्चीवर बसून सगळं करते आणि सुरुवातीची पतंजलींची प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणते, शेजारी नमाजी काका शांत बसून असतात, त्यांना कोणी म्हणायला लावत नाही, मला हे फार बरोबर वाटतं.

आणि परंपराच बघायची तर पतंजलींच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात (भागात) यमांबद्दल, म्हणजे अहिंसा, सत्य अशा आचरणाच्या नियमांबद्दल, स्पष्ट सांगितलंय की जात, देश, काळ, प्रसंग कशाचीच मर्यादा त्यांना नाही. आसन कसं असावं हे त्याच्या नंतर येतं, तेही स्थिर आणि सुखकर असावं असं, पायाला हात टेकलाच पाहिजे असं कुठेही नाही.