आत्या शनिवारी ‘मसाया’ गाणार

आत्या: मंडळी, शनिवारी आमचा कार्यक्रम आहे. हँडल या जुन्या युरोपीय संगीतकाराचा ‘मसाया’, गायक आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना. इथल्याच चर्चमध्ये, संध्याकाळी साडेसातला. यूट्यूबवर थेट दिसेल. तुमच्याकडे तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असेल.

बाबा: वा वा! सोलो आहे का तुझं?

आत्या: नाही रे दादा. सोलोला चार व्यावसायिक गायक येतात, वाद्यवृंदही पैसे देऊन बोलावलेला. आम्ही कोरसवाले हौशी, उलट वर्गणी भरून गातो. मी अल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, दुसऱ्या रांगेत.

काका: म्हणजे मागे साथीला?

आत्या: साथ नव्हे. सोप्रानो (बायकांचा उंच आवाज), अल्टो, टेनर (पुरुषांचा उंच), बास (पुरुषांचा खालचा) अशा चार ओळी एकाच वेळी वेगवेगळं गातात. चाल बहुतेक वेळा सोप्रानोकडे. अल्टोची ओळ एकटी म्हणून बघितली तर कधीकधी कितीतरी वेळ एकाच सुरावर. पहिल्या वर्षी घरी रियाज करताना वाटायचं, हे काय गाणं? मग तालमीत खाली बास आले, टेनर आले. मी तोच सूर धरून उभी होते आणि त्या सुराचा रंग बदलत गेला. अंगावर काटा आला. तेव्हापासून सोमवारची तालीम सहसा चुकवत नाही.

काका: हां, आता कळलं. इथे मडगावला शेजारी मांडो, म्हणजे गोव्याचं कोंकणी गाणं, म्हणतात, तेव्हा एक जण दुसरा आवाज धरतो. नुसता ऐकला तर चाल वाटत नाही, पण तो गप्प बसला की मांडो ओकाबोका होतो.

आत्या: अगदी तेच!

ताई: पण आत्या, सगळं आधीच लिहिलेलं. आलाप नाही, आपल्या मनाची तान नाही. माझा जीव घुसमटेल.

आत्या: सोलोवाल्यांना थोडे अलंकार घ्यायची मुभा असते, आम्हाला नाही. पण ताना आहेत हो. ‘फॉर अंटू अस’ या समूहगीतात ‘बॉर्न’ या एका शब्दावर लांबलचक तान आहे, आणि ती सगळ्या जणींनी मिळून एका गळ्याने घ्यायची. तिथे सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर तान तुटते. म्हणून शेजारीण जिथे घेते तिथे मी घेत नाही. माझ्या स्वरलिपीच्या प्रतीत त्या जागी पेन्सिलीने लिहिलंय, ‘इथे नाही’. तू एकट्याने गातेस, तुला ही गंमत एकदा अनुभवायला हवी.

ताई: पट्टी कोणती?

आत्या: आधी ओबोवाला (ओबो म्हणजे सनईसारखं वाद्य) सूर देतो आणि सगळी वाद्यं त्यावर लागतात. आपली पांढरी सहा. जुन्या धाटणीच्या वाद्यांवर वाजवणारे अर्धा सूर खाली लावतात.

आजी: देवाचं आहे का गं?

आत्या: हो आई, शब्द बायबलमधले. हँडलने 1741 साली 24 दिवसांत लिहून काढलं. पहिला प्रयोग डब्लिनला, 13 एप्रिल 1742. जास्त माणसं मावावीत म्हणून बायकांना फुगीर घेराचे झगे घालून येऊ नका असं कळवलं होतं. त्या पैशांतून कर्जापायी तुरुंगात पडलेले 142 जण सुटले. पुढे लंडनमध्ये टाकून दिलेल्या मुलांच्या आश्रमासाठी तो दरवर्षी हे करायचा.

आजी: फार चांगलं केलं त्याने.

मी: आत्या, मागच्या वेळी काहीतरी झालं होतं ना? आई सांगत होती.

आत्या: झालं होतं. ‘मसाया’तल्या ‘हालेलुया’ या समूहगीताला लोक उठून उभे राहतात. अगदी शेवटी सगळा आवाज एकदम थांबतो, आणि मग शेवटचं ‘हालेलुया’ सावकाश येतं. त्या शांततेत मी मोजायला चुकले. ‘हा’ एवढंच बाहेर पडलं, पण भरलेल्या चर्चमध्ये तेवढंही पुरतं. मला रडू आवरेना. बाहेर आल्यावर शेजारची आजीबाई, चाळीस वर्षं गाणारी, काही बोलली नाही. तिने माझी प्रत उघडली आणि त्या जागी पेन्सिलीने डोळ्याचं चित्र काढलं. म्हणजे वर बघ, कंडक्टरकडे, हाताने ताल देणाऱ्या संचालकाकडे. ते चित्र मी खोडलेलं नाही.

बाबा: यंदा नाही चुकणार.

आत्या: सोमवारी दोनदा नीट झालं. खरी धडधड सुरुवातीला असते. आधी टेनरचं सोलो संपतं, मग आम्ही उभे राहतो. आणि कोरसचे पहिले शब्द, ‘अँड द ग्लोरी’, फक्त अल्टोंचे. बाकीचे तिघे गप्प. चाल आमच्याकडे, तीही उघड्यावर.

मी: आजी, रेकॉर्डिंग राहील. तू दुसऱ्या दिवशी ऐक.

आजी: दुसऱ्या दिवशी कशाला? मी नऊला झोपते, पाऊणला मला हलवून उठवा. पहिली ओळ तिचीच आहे ना.