भ्रूणाच्या स्टेम सेल्सचा हट्ट कशाला?

डिचोलीकर
माझं मत सरळ आहे, रिसर्चचा पैसा मोठ्या माणसाच्या शरीरातल्या स्टेम सेल्सवर (ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनतात त्या मूळ पेशींवर) लागावा, भ्रूण मोडून काढलेल्यांवर नाही. बोनमॅरो (हाडातला मगज) ट्रान्सप्लांट बघा ना, डोनल थॉमसना १९९० चं नोबेल त्याच कामासाठी मिळालं, मुंबईला टाटात १९८३ पासून करतात, थॅलेसिमिया या रक्ताच्या आजाराची पोरं त्यावर बरी होतात. हैदराबादला एल. व्ही. प्रसाद या डोळ्यांच्या इस्पितळात डोळ्यात चुना उडालेल्या माणसाला त्याच्याच चांगल्या डोळ्यातल्या पेशी लावतात. यात भ्रूण मोडावा लागत नाही. पाच दिवसांचा असला तरी तो जीवच, इथले आमचे कॅथलिक शेजारीही तेच मानतात.

फोंड्याची ताई
भाऊ, मॅरोतल्या पेशी रक्त बनवतात, इन्सुलिन नाही बनवत. माझ्या भाच्याला टाइप १ डायबिटीस आहे, चवथीला बाकीची पोरं नेवऱ्यांवर तुटून पडतात तेव्हा हा आधी बोट टोचणार, आकडा बघणार, पोटाला सुई घेणार आणि मग एक नेवरी उचलणार. व्हर्टेक्स या औषध कंपनीच्या ट्रायलचे रिझल्ट २०२५ मध्ये आले, भ्रूणपेशींपासून बनवलेल्या इन्सुलिनच्या पेशींचा पूर्ण डोस १२ जणांना दिला, त्यातल्या १० जणांचं इन्सुलिन वर्षभराने बंद होतं. आणि दर पेशंटमागे नवा भ्रूण लागत नाही हो, जेम्स थॉमसन या शास्त्रज्ञांनी १९९८ ला भ्रूणापासून बनवलेल्या लाइन्स, म्हणजे सतत वाढत राहणाऱ्या पेशी, लॅबमध्ये अजून वाढवतात.

डिचोलीकर
पण त्या लोकांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात ना, ती लहान पोराला देणार का? शिवाय कच्ची पेशी आत राहिली तर गाठ होते. जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी मागे नेऊन भ्रूणपेशींसारख्या करून दाखवल्या, मग आता भ्रूण हवाच कशाला?

म्हापशाचा लॅबवाला
यामानाकांनी ज्या चार जीन्सनी (जनुकांनी) पेशी मागे नेल्या, ती आली कुठून पण? भ्रूणपेशींत महत्त्वाची वाटलेली २४ जीन्स घेऊन, एकेक गाळत ते चारवर आले. गाठीची भीती त्यांच्या पेशींतही आहेच, आणि जपानात रेटिनाच्या (डोळ्याच्या पडद्याच्या) दुसऱ्या पेशंटसाठी तशाच बनवलेल्या पेशींत म्युटेशन (जनुकांतले बदल) दिसले म्हणून २०१५ ला ऑपरेशन थांबवलं होतं. मला खरा राग येतो तो "तुमच्याच पेशी, एकदम सेफ" म्हणून विकणाऱ्यांचा. आमच्या ओळखीच्या एका आजोबांना गुडघ्यात चरबीतल्या स्टेम सेल्सचं इंजेक्शन दिलं, एफडी मोडली, आजही काठी घेऊनच चालतात. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या गाइडलाइन्समध्ये स्पष्ट आहे की रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले तर बाकी सगळं फक्त ट्रायलमध्ये, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत.

डिचोलीकर
क्लिनिकवाल्यांचं पटलं बाब, ती सरळ लूट आहे. पण म्हणून भ्रूण वापरणं बरोबर ठरत नाही, माझं मत तेच.

फोंड्याची ताई
आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) उरलेले भ्रूण २०२१ च्या कायद्याने दहाच वर्षं ठेवता येतात, पुढे एकतर नष्ट होऊ द्यायचे नाहीतर जोडप्याच्या संमतीने रिसर्चला द्यायचे. ते नष्ट होतात तेव्हा भाऊ तुम्ही काहीच म्हणत नाही, रिसर्चला दिले की मात्र तो जीव, हे मला अजिबात पटत नाही.