रंग 'उडवायचा' की 'विटवायचा'?

पऱ्हाटी
दारव्ह्याकडच्या आमच्या बचत गटातल्या पोरींसाठी पानभर कृती लिहून देत होते, काळ्या टी-शर्टला दोऱ्यानं गाठी मारून ब्लीच लावायचं अन् नक्षी काढायची. लिहिलं, "कापडाचा रंग उडवा". तर एक मावशी गुलालाची पुडीच घेऊन आली, म्हणे रंगपंचमीवाणी उडवायचा ना? मग "विटवा" केलं, तर जाऊबाई म्हणते, रंग आपोआप विटते, विटवत नसते कोणी. आता काय लिहू?

शुद्धलेखनप्रेमी
'विरंजन करा' लिहा की. विरंजक चूर्ण शाळेत सगळेच शिकलो आहोत. रंज् म्हणजे रंगवणे, 'वि' लागला की रंग काढणे. मनोरंजनातलं रंजनही तेच.

वरठ्याचा नातू
राजेहो, विरंजन म्हटलं तर बाया दही विरजाले बसतीन! माया आजा जन्मभर गावाचे कपडे धुवत होता, त्याच्या तोंडी फक्त 'दाग काढला' अन् 'रंग गेला'. रंग गेला म्हणजे गिऱ्हाईक गेलं. अन् ब्लीच कायचं, आमच्याकडं टीसीएल म्हणते त्याले, ग्रामपंचायत विहिरीत टाकते ते.

पऱ्हाटी
टीसीएल नाही जी, ती पावडर झाली. बाटलीतलं पातळ ब्लीच, त्यात तेवढंच पाणी, हातात मोजे. मनासारखा रंग दिसला की लगेच धुवून काढायचं, जास्त वेळ ठेवलं तर सूतच कुजते.

संत्र्याची फोड
विटणे हा शब्द विटेवरूनच आला, लिहून घ्या. काळा शर्ट ब्लीचनं पांढरा होतच नाही, विटेसारखा होते, मी सोता करून पाह्यलं.

शुद्धलेखनप्रेमी
मग जिवाला वीट येतो तोही भट्टीतून येतो का? आणि ब्लीच सगळ्यात अलीकडचं, लोकांचे कपडे त्याआधी उन्हात विटतच होते.

संत्र्याची फोड
कपडा विटतो, माणूसही विटतो, पण तुम्ही काई विटत नाही भाऊ. बरं, माया दुसरा शर्ट टेरिकॉटचा होता, त्याचं काहीच झालं नाही, तासभर वास घेत बसलो फुकट.

पऱ्हाटी
टेरिकॉटात पॉलिस्टर असते, ते ब्लीचले दाद देत नाही, कापूसच पाहिजे. अन् शब्द कोणताबी ठेवा, एक ओळ मी ठळक लिहिली हाय: संडास धुवायच्या ॲसिडात मिसळू नका, क्लोरीन वायू निघते, छातीत भरते. तर पोरींनी 'उडवा' खोडून 'ब्लीच मारा' केलं. चालते काय?

वरठ्याचा नातू
'मारा' नका लिहू ताई, कोणी पाठीवरचा फवाऱ्याचा पंप घेऊन येईन.

शुद्धलेखनप्रेमी
'दाग' नव्हे, डाग. दाग हिंदी आहे.

वरठ्याचा नातू
मायी आजी निरक्षर होती, तिले हिंदी कोणत्या शाळेनं शिकवलं?