मेन स्विच कोणी पाडला? (‘आपला परिवार, आर्वी’ ग्रुपवरून)

रोहित: रात्री माडीवरचा मेन स्विच कोणी पाडला? विमानाच्या रंगाचं काम चालू होतं. सगळं गेलं.

विमलकाकू: मीनं पाडला. एक वाजला होता. बारावीचं वर्ष अन् हा खेळून राहिला.

रोहित: खेळत नाही जी काकू. कॉम्प्युटरवर ब्लेंडर म्हणून थ्रीडी मॉडेल बनवाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात बोइंग 777-300ईआर विमान बनवून राहिलो. फ्लाइटगिअर म्हणून फुकटचा सिम्युलेटर आहे, म्हंजे पडद्यावर विमान उडवाचं सॉफ्टवेअर, त्यात उडवाले.

रमेशकाका: लाइटबिल कोण भरते? मागंही विचारलं होतं.

शालूआत्या: उतरवतं कुठं बापू? आपल्या वावरात?

रोहित: नागपूरले. सोनेगावची धावपट्टी 3200 मीटर आहे.

गजूभाऊ: वावरात जागा कुठची आत्या, बांधाचा धुरा त दरसाल सरकून राहिला.

रमेशकाका: नाव घेऊन बोल गजू. मोजणी तुह्याच बापानं थांबवली होती.

गजूभाऊ: मोठे आहा म्हणून गप आहो काका.

आबाजी: वावर ग्रुपवर काढू नका. सांजेले घरी या दोघंही.

शालूआत्या: रोहित, एवढं काय असते रे त्यात? दिवाळीपासून पाहून राहिली.

रोहित: आत्या, याले 14 चाकं. पुढं 2, मागं दोन्ही बाजूले 6-6. जमिनीवर वळताना त्या सहातली शेवटची जोडीही वळते, नाही त टायर घासतात. म्हणून ती जोडी सुटी काढा लागते अन् तिचं वळणं सिम्युलेटर वाचते त्या एक्सएमएल फाइलीत वेगळं लिहा लागते. इंजिनचा पंखा 128 इंचाचा, म्हंजे आपल्या देवघराच्या खोलीत मावत नाही. त्याचं एकएक पातं वाकडं आहे. सरळ केलं की लगेच खोटं दिसते.

शालूआत्या: अगं माय! फोटो टाक.

रमेशकाका: लाइटबिल कोण भरते? मागंही विचारलं होतं.

प्रकाशदादा: काका, नागपूरले मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या देखभालीचा कारखाना आहे, बोइंगनं एअर इंडियासाठी बांधलेला. पोरगं त्याच वाटेचं शिकून राहिलं. हिणवू नका. बिलाचे पैसे मी पाठवतो.

रमेशकाका: पैशाचा सवाल नाही प्रकाश. विचारलं त उत्तर द्या लागते.

विमलकाकू: चाकाचं समजलं मले. पण डोळे पाहा पोराचे, लाल झाले. झोपत नाही, जेवत नाही.

रोहित: 11 ले बंद करतो काकू. फक्त स्विच पाडायच्या आधी हाक मारा जी, सेव्ह करून घेतो.

विमलकाकू: मारीन. पण 11 म्हंजे 11.

गजूभाऊ: मोजणीची अर्धी फी मी देतो. लिहून ठेवा.

रमेशकाका: घरी बोलू.