काचेच्या मण्यांना भुललेले राजे?

वाटसरू:
आफ्रिकेतल्या राजांबद्दल आपल्याकडे एकच गोष्ट चालते: गोरा आला, मणी दाखवले, राजा भुलला, माणसं विकून मोकळा झाला. मला हे पटत नाही. बेनिनचं राज्य घ्या (आजच्या नायजेरियातलं, बेनिन नावाचा देश वेगळा). १४८६ च्या सुमारास पोर्तुगीज तिथे पोचले. व्यापार उघोटन बंदरातून, आणि तोही ओबाच्या, म्हणजे राजाच्या, माणसांच्या देखरेखीखाली. इकडून मिरी, हस्तिदंत, कापड. तिकडून मनिला नावाची पितळी कडी. ती वितळवून राजवाड्यातले ते प्रसिद्ध ओतीव फलक घडले. कडी कशी हवीत, हे गिऱ्हाईक ठरवायचं. पुढे १६व्या शतकात ओबाने पुरुष गुलाम विकणंच बंद केलं आणि ही बंदी बरीच दशकं टिकली. हा भुललेला राजा?

चिंचपोकळी:
'पुरुष' विकायचे नाहीत! आणि बायका? त्या जातच होत्या की. दयेबियेचा प्रश्न नव्हता, राज्याला पुरुषांचे हात हवे होते. बंदीच्या आधी तर पोर्तुगीज बेनिनकडून माणसं घ्यायचे आणि आजच्या घानातल्या एल्मिनाच्या किल्ल्यावर नेऊन आफ्रिकी व्यापाऱ्यांनाच सोन्याच्या बदल्यात विकायचे. राजा पक्का सौदागर होता, मान्य. ज्याला विकलं त्याला त्याचं काय?

रांगडा गडी:
शिवाय बेनिन अपवाद आहे. काँगोचं राज्य बघा. राजाने १४९१ मध्ये बाप्तिस्मा घेतला. मुलगा अफोन्सो पोर्तुगालच्या राजाला 'बंधू' म्हणून पत्रं पाठवायचा, नातू हेन्रिक १५१८ मध्ये बिशप झाला. एवढी सोयरीक करून हाती काय? १५२६ मध्ये अफोन्सो लिहितो की तुमचे व्यापारी आमच्या सरदारांची मुलं, आमचे नातलगसुद्धा पळवून नेताहेत. पाद्री नि शिक्षक पाठवा, बाकी माल नको, फक्त पूजेपुरती वाइन आणि पीठ. नको म्हणून पाहिलं त्याने. थांबलं का?

वाटसरू:
ते पत्र सगळे सांगतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमधलं पत्र कोणी सांगत नाही. त्यात त्याने तीन माणसं नेमली: विक्रीला आणलेला माणूस खरंच गुलाम आहे की पळवलेला मोकळा माणूस, हे तपासायला. म्हणजे व्यापार चालूच. त्याचं खरं दुखणं जुलैच्या पत्रातच आहे: व्यापारी थेट मांडलिकांना माल देतात, मग मांडलिक राजाला जुमानत नाहीत. बेनिनला एक दार होतं आणि किल्ली ओबाकडे. काँगोला दारंच दारं.

रांगडा गडी:
किल्ली होती तर तोफा का नाही मिळाल्या? १५१४ मध्ये ओबाचे दूत पोर्तुगालला गेले ते शस्त्रं मागायलाही. उत्तर आलं, आधी ख्रिस्ती व्हा. ज्याच्याकडे तोफ, अटी त्याच्या.

मिरीमसाला:
दोघांनी मिरी वाटेतच सोडली. मलबारची मिरी लिस्बनला येऊ लागली तसं पोर्तुगालच्या राजाने तिचा भाव राखायला बेनिनची मिरी आणण्यावर बंदी घातली. ओबाने कितीही चोख सौदा केला तरी त्याच्या मालाचं नशीब आपल्या किनाऱ्यावर ठरलं!
आणि कवडी. मालदीवची कवडी जहाजाच्या तळाला भार म्हणून भरून युरोपात जायची, तिथून पश्चिम आफ्रिकेत. तिथल्या दाहोमे राज्यात ते चलन होतं, 'कवडीमोल' म्हटलं तर तिथला माणूस बुचकळ्यात पडला असता.
वाटसरूंना एक टोमणा: मण्यांना हसू नका. पोवळ्याचे मणी हा ओबाच्या दरबारचा मान. आपल्याकडेही मंगळसूत्रात पोवळं ओवतात, कोणी भुललं म्हणत नाही.

चिंचपोकळी:
मिरी, कवडी, पोवळी, सगळं झालं. बायका अजून बाहेरच.

वाटसरू:
पोवळ्याचा टोमणा बसला. तोफांबद्दल रांगडा गडी बरोबर, पण तोफा नाकारल्या म्हणून बेनिन तेव्हा बुडालं नाही; इंग्रजांनी राजधानी लुटली ती १८९७ मध्ये. आणि चिंचपोकळी, बायकांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. 'पुरुष' हा शब्द मीच लिहिला आणि त्याच्यावरून तसाच पुढे गेलो.