टीबीच्या गोळ्या चालू आहेत आणि सासऱ्यांची चप्पल पायातून निसटते

कोपरखैरण्याची सून:
सासरे ६२ वर्षांचे. जन्म वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडीत गेला. वजन ४६ किलो, साखर जुनी. टीबीच्या गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले, रोज सकाळी तीन. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तर "रक्त जातंय" म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. ते निभावलं. आता तळपायाला मुंग्या येतात. काल जिन्यात डाव्या पायातली चप्पल खालीच राहिली, त्यांना पत्ताच नाही, अनवाणी वर आले. त्यात चार दिवस मळमळ, जेवण नको. म्हणतात, "गोळ्याच बंद करतो."

ऐरोलीकर:
ताई, आपल्या मनाने बंद करू देऊ नका. मी सहा महिने काढलेत. त्या गोळीत चार औषधं असतात. केशरी रंग त्यातल्या रिफाम्पिसिनचा, तो घामातही उतरतो. मुंग्या बहुतेक आयसोनियाझिडच्या. साखरवाल्यांना हा त्रास जास्त, त्यासाठी बी-६ ची गोळी देतात. चालू आहे का बघा. माझे गुडघे धरले होते, ते पायराझिनामाइडमुळे. दोन महिन्यांनी ती थांबली आणि मी पुन्हा मांडी घालून जेवायला बसलो.

ठाण्याची सिस्टर:
मला मुंग्यांपेक्षा मळमळीची काळजी वाटते. चारपैकी तीन औषधं लिव्हरला त्रास देऊ शकतात. वय जास्त, अंगात ताकद नाही, आधीची हिपॅटायटिस बी किंवा सी, यांना धोका अधिक. लघवी केशरीच असते, त्यामुळे कावीळ तिच्यावरून ओळखता येत नाही. खिडकीपाशी उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग बघा. पिवळा दिसला तर पुढचा डोस द्यायच्या आधी डॉक्टरांना गाठा. नसला तरी लिव्हरची रक्ततपासणी आजच करा. साखरही तपासा, रिफाम्पिसिनने साखरेच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो. लाल-हिरवा रंग ओळखता येतोय ना, तेही विचारा. चौथं औषध इथाम्बुटॉल, त्याने नजरेला त्रास होऊ शकतो, म्हणून. आणि राग मानू नका, घेतात का?

कोपरखैरण्याची सून:
सिस्टर, काल "नाही" लिहिणार होते. मग माळ्यावरची त्यांची पिशवी काढली. गोणी उचलायचा जुना आकडा, आणि त्याखाली फडक्यात गुंडाळलेली क्वार्टर, अर्धी.

लिव्हरची तपासणी केली, त्यातलं एसजीपीटी २१४ आलं, फार वाढलेलं. डोळे अजून पांढरेच आहेत. डॉक्टरांनी तूर्त सगळ्या गोळ्या थांबवल्यात. आकडा उतरला की एकेक करून पुन्हा सुरू करणार. बी-६ लिहून दिली, आधी दिलीच नव्हती. क्वार्टर मी मोरीत ओतली.

सासरे मात्र खुशीत. "बघ, मी काय सांगत होतो, गोळ्या बंद!"